१९३०चा कायदा, १९३०चा फोन

मी तांब्याची जुनी नाणी जमवतो. संग्रह मोठा नाही, पण त्यातल्या प्रत्येक नाण्याची कहाणी मला पाठ आहे. काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन लिलावात शिवराई दिसली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांची माळ, अक्षरे ठसठशीत. बोली ३०० रुपयांपासून होती. माझ्यासमोर एकच बोलीदार होता. त्याच्या नावाचे पहिले आणि शेवटचे अक्षर तेवढे दिसे, मधे चांदण्या. मी १०० वाढवले की मिनिटाच्या आत तो ५०ने वर जाई. वेळ संपायला दहा-बारा सेकंद उरले असताना मी १,८५० टाकले आणि शिवराई माझी झाली.

आठवड्याने कुरिअर आले. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ संग्राहकांनी नाणे हातात घेतले आणि काही न बोलता कडेवरून नख फिरवले. मग माझे बोट धरून तिथे टेकवले. केसाएवढी बारीक रेघ नाण्याच्या कडेने पूर्ण फिरली होती. “ओतलेली आहे हो,” ते म्हणाले. साचा दोन भागांचा असला की अशी रेघ उमटते. अस्सल शिवराई ओतत नसत. तांब्याच्या चकतीवर ठशाचा घाव घालून पाडत. घरी येऊन भिंग लावले तर अक्षरांच्या कोपऱ्यांत बुडबुड्यांचे खड्डेही दिसले.

नाणे खोटे होते, एवढे मला कळले. तो चांदण्यांचा बोलीदार खरा होता की विक्रेत्याचेच दुसरे खाते, हे मात्र आजही ठाऊक नाही आणि कळायला मार्गही नाही. खोटी वस्तू निदान हातात येते. खोटी बोली दिसतच नाही, आणि आपण फसलो हेही ग्राहकाला कळत नाही.

तक्रार करायला निघालो तेव्हा तीन दारे समोर होती. लिलाव भरवणाऱ्या संकेतस्थळाने कळवले की आम्ही फक्त विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून देतो, मालाची जबाबदारी विक्रेत्याची. विक्रेत्याने तोवर खाते बंद केले होते. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः यूपीआयने पाठवले, पिन तुम्हीच टाकला, यात आम्हाला काही करता येत नाही. पोलीस ठाण्यात अर्ज ठेवून घेतला. तिथला हवालदार भला माणूस होता. त्याने टेबलावरचा गठ्ठा दाखवला आणि म्हणाला, “साहेब, यातली एकही तक्रार लाखाच्या खालची नाही.” तिघांपैकी कोणीही माझ्याशी खोटे बोलले नाही. ऑनलाइन लिलावातली फसवणूक आपण किती गांभीर्याने घेतो, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटलेला नाही.

आधी कायद्याचे बघू, कारण कायदा नाही म्हणून हे घडते असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. मालविक्री अधिनियम १९३०चा. त्याचे ६४वे कलम लिलावाबद्दल आहे. विक्रेत्याने स्वतः बोली लावण्याचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर त्याने स्वतः बोली लावणे किंवा दुसऱ्याकडून लावून घेणे बेकायदा आहे आणि असा व्यवहार कपटाचा मानण्याची मुभा ग्राहकाला आहे. किंमत चढवण्यासाठी बनावट बोली लावली असेल, तर ग्राहकाला ती विक्री रद्द करता येते. म्हणजे शंभर वर्षे होत आली, आपल्या कायद्याला ही लबाडी तिच्या नेमक्या रूपात माहीत आहे.

पण तो कायदा लिहिला गेला तेव्हा लिलाव मैदानात, वखारीत किंवा बाजाराच्या ओट्यावर होत असे. एक वार, दोन वार, तीन वार म्हणेपर्यंत कोण हात वर करतो हे चारचौघांना दिसे. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून होणारे सौदे शेतकऱ्याच्या मुळावर येतात हे अनुभवाने कळले, म्हणून तर बाजार समित्यांत उघड लिलावाचा आग्रह धरला गेला. ‘तो बघा, मालकाचा मेहुणाच बोली वाढवतोय’ असे कोणीतरी ओरडू शकणे, हीच त्या ६४व्या कलमाची खरी ताकद होती. पडद्यावर मेहुणा दिसत नाही.

ही अडचण न्यायालयाला दूर करता येते, याचे मला माहीत असलेले सर्वांत ठळक उदाहरण जर्मनीचे आहे. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर ‘गोल्फ’ नावाच्या एका मोटारीचा लिलाव १ युरोपासून सुरू झाला. एका अनोळखी माणसाने १ युरोची बोली लावली. त्यानंतर विक्रेता दुसऱ्या खात्यावरून आणि एक खरा ग्राहक एवढेच दोघे एकमेकांवर चढत गेले आणि आकडा १७,००० युरोंच्या घरात पोचला. शेवटची बोली विक्रेत्याचीच ठरली, म्हणजे गाडी त्याने स्वतःलाच विकली. ग्राहक न्यायालयात गेला. २०१६च्या ऑगस्टमध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की विक्रेत्याच्या स्वतःच्या बोली या बोली नव्हेतच. त्या वगळल्या तर १ युरोच्या वरच्या पुढच्या पायरीला, म्हणजे दीड युरोला, गाडी ग्राहकाची झाली. गाडी तोवर दुसरीकडे गेली होती, म्हणून ग्राहकाला सुमारे १६,५०० युरोंची भरपाई मिळाली. बनावट बोली लावली तर उरलेल्या खऱ्या बोलीवर माल द्यावा लागेल, ही भीती एकदा बसली की कुठलीही जाहिरात करू शकणार नाही एवढे काम ती करते. आपल्या ६४व्या कलमात विक्री रद्द करण्याची सोय आहे, पण रद्द करून ग्राहकाच्या हाती त्याचेच पैसे परत येतात. लबाडी करणाऱ्याचे काहीच जात नाही.

ऑनलाइन लिलाव जगाला दिला तो कॅलिफोर्नियातल्या पिएर ओमिद्यार यांनी. १९९५च्या सप्टेंबरात त्यांनी ‘ऑक्शनवेब’ नावाने सुरू केलेले संकेतस्थळ पुढे ईबे झाले. माणसे मुळात चांगली असतात, ही त्यांची श्रद्धा होती. १९९६च्या फेब्रुवारीत त्यांनी परस्पर शेऱ्यांची पद्धत आणली: व्यवहार झाला की ग्राहकाने विक्रेत्याबद्दल आणि विक्रेत्याने ग्राहकाबद्दल बरे-वाईट लिहायचे. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहून दाखवले होते की माल कसा आहे हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर चांगला माल विकणारेच बाजार सोडून जातात. पुढे त्यांना त्यासाठी नोबेलही मिळाले. शेऱ्यांची पद्धत हे त्या दुखण्यावरचे औषध होते, आणि पुष्कळ अंशी ते चालले. पॉल रेझ्निक आणि सहकाऱ्यांनी ईबेवर जुनी पोस्टकार्डे विकून प्रयोग केला. तोच माल नाव असलेल्या खात्यावरून विकला तर नवख्या खात्यापेक्षा सुमारे ८ टक्के जास्त भाव मिळाला. इभ्रतीला बाजारात दाम असतो, हे मोजून सिद्ध झाले.

ती इभ्रत खोटीही बांधता येते, हे कळायला वेळ लागला नाही. २०००च्या मे महिन्यात ईबेवर एक अमूर्त चित्र आले. बोली २५ सेंटांपासून. विकणाऱ्याने सांगितले की घराबाहेर मांडलेल्या जुन्या सामानातून ते घेतले, चित्राला घरातल्या मुलाच्या तिचाकीची धडक बसून भोक पडले आहे, आपल्याला कलेतले काही कळत नाही. फोटोच्या कोपऱ्यात मात्र ‘आरडी ५२’ ही अक्षरे दिसतील अशी सोय होती. जाणकारांना वाटले की हा चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न. बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत चढली. मग उघड झाले की विकणारा केनेथ वॉल्टन हा सॅक्रामेंटोचा वकील आहे, त्याने दुसऱ्या नावाने स्वतःच बोली लावली होती, आणि सही खोटी आहे. तिघांच्या टोळीने चाळीसहून अधिक खाती उघडून शेकडो लिलावांत एकमेकांच्या मालावर बोली चढवल्या होत्या आणि एकमेकांना उत्तम शेरेही दिले होते. वॉल्टनने पुढे गुन्हा कबूल केला आणि त्यावर पुस्तकही लिहिले.

हे प्रकरण उघड झाले ते आकडा गगनाला भिडला आणि वर्तमानपत्रे मागे लागली म्हणून. त्याच टोळीचे आधीचे शे-दोनशे डॉलरचे लिलाव दीड-दोन वर्षे बिनबोभाट चालले होते. एवढ्या काळात कोणाची तक्रार आली असेल, तर तिला काय उत्तर मिळाले असेल याचा अंदाज मी माझ्या अनुभवावरून करू शकतो.

त्या वर्षांत अमेरिकेत लिलावाची फसवणूक हा इंटरनेटवरचा पहिल्या क्रमांकाचा गुन्हा होता. एफबीआयच्या भागीदारीतल्या तक्रार केंद्राने २००१मध्ये तपासयंत्रणांकडे पाठवलेल्या तक्रारींपैकी ४२.८ टक्के लिलावाच्या होत्या. २००४मध्ये हा वाटा ७१.२ टक्क्यांवर गेला. २००८पर्यंत तो २५.५ टक्क्यांवर उतरला. ही उतरण बघून समाधान मानणारे लेख मी वाचले आहेत. मला तसे वाटत नाही. माल न पोचवण्याच्या तक्रारी तोवर वेगळ्या रकान्यात जाऊ लागल्या होत्या आणि त्यांचा वाटा ३२.९ टक्के होता. शिवाय ईबेवरही लिलाव मागे पडून ठरलेल्या किमतीची विक्री पुढे येत होती. भामट्यांनी दुकान बदलले एवढेच.

शेऱ्यांचे काय झाले ते अधिक सांगण्यासारखे आहे. वाईट शेरा दिला की समोरचा सूड म्हणून आपल्यालाही वाईट शेरा देणार, या धाकाने ग्राहक गप्प बसत. म्हणून २००८मध्ये ईबेने विक्रेत्यांचा ग्राहकाला वाईट शेरा देण्याचा हक्क काढून घेतला. विक्रेते चिडले, पण निर्णय योग्य होता. तरीही बहुतेक विक्रेत्यांच्या नावापुढे ९९ टक्क्यांहून जास्त चांगले शेरे दिसतच राहिले. क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या संशोधकांनी ईबेची आतली आकडेवारी बघून एक साधी गोष्ट केली: शेरा न देणाऱ्यांनाही मोजले. ज्या विक्रेत्यांचे ग्राहक जास्त गप्प, त्यांच्याबद्दलच्या औपचारिक तक्रारीही जास्त निघाल्या. आणि वाईट अनुभव आलेला ग्राहक भांडत बसत नाही. तो बाजारातूनच निघून जातो, विक्रेत्याला नव्हे तर सगळ्या संकेतस्थळाला सोडतो. मीही तेच केले. त्या संकेतस्थळावर मी पुन्हा बोली लावली नाही, आणि माझे गप्प बसणे कोणाच्या हिशेबात आले नाही.

चांदण्यांचाही इतिहास आहे. ईबेवर पूर्वी बोलीदारांची नावे उघडी असत. भामटे हरलेल्या बोलीदारांना गाठून ‘जिंकलेला माणूस मागे हटला, वस्तू तुम्हाला देतो’ असे खोटे निरोप पाठवू लागले. त्यांना आवरण्यासाठी २००६च्या अखेरीपासून ईबेने महागड्या वस्तूंच्या बोलीदारांची नावे झाकायला सुरुवात केली. कारण खरे होते, पण परिणाम असा झाला की कोण कोणाच्या मालावर वारंवार बोली लावतो, हे बाहेरच्या जागरूक ग्राहकाला बघता येईनासे झाले. ती नजर आता फक्त कंपनीकडे राहिली, आणि चढलेल्या प्रत्येक बोलीवर कंपनीचे कमिशनही चढते. मी कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. पण ज्याचा भाव वाढण्यात फायदा आहे त्यालाच भाव खोटा वाढवणाऱ्यावर लक्ष ठेवायला सांगणे, ही व्यवस्था मला पटत नाही.

शिक्षा कोणाला झाल्या? ब्रिटनमध्ये ईबेवर स्वतःच्याच मालावर बोली लावल्याबद्दल पहिली शिक्षा २०१०मध्ये झाली. एका माणसाने आपली मिनीबस विकताना दुसऱ्या खात्यावरून भाव चढवला होता. त्याला २५० तास समाजसेवा आणि खर्चासह सुमारे ५,००० पौंडांचा दंड झाला. ईबे तिथे सुरू होऊन तोवर दहा वर्षे उलटली होती. शिकागोचे बिल मास्ट्रो हे खेळाडूंच्या वस्तूंच्या लिलावातले बडे प्रस्थ. त्यांनी बनावट बोली लावल्याचे आणि होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे जगप्रसिद्ध कार्ड कडा कापून चांगले भासवल्याचे कबूल केले आणि २०१५मध्ये २० महिन्यांची कैद झाली. रुमानियातल्या ‘बेरॉब’ टोळीने ईबेची हुबेहूब बनावट पाने दाखवून गाड्या ‘विकल्या’. २००७पासूनचा हा धंदा. पकडून अमेरिकेत आणले २०१६मध्ये, आणि दोघा म्होरक्यांना २० व १८ वर्षांची शिक्षा झाली २०१९च्या डिसेंबरात. शिक्षा कडक होती, पण पहिल्या फसलेल्या माणसापासून शेवटच्या निकालापर्यंत बारा वर्षे गेली.

मोठ्या ब्रँडांचे तसे झाले नाही. टिफनी या दागिन्यांच्या कंपनीने २००४मध्ये ईबेवरून आपल्या नावाचे दागिने मुद्दाम विकत घेऊन तपासले, ७३.१ टक्के बनावट निघाले. खटला झाला. २००८मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने आणि २०१०मध्ये अपिलात वरच्या न्यायालयाने ईबेला जवळजवळ मोकळे केले. विशिष्ट वस्तू खोटी आहे असे कळवल्यावर ती काढली ना, मग पुरे, असा त्याचा सारांश. २००८मध्येच पॅरिसच्या न्यायालयाने लुई व्हितॉ आणि दिऑर यांच्या मालक कंपनीला जवळपास ४ कोटी युरो द्यायला ईबेला सांगितले. म्हणजे त्याच वर्षी, त्याच कंपनीबद्दल, अटलांटिकच्या दोन काठांवर दोन उत्तरे. मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. दोन्हीकडे वादी कंपन्या होत्या. ज्या बायकांनी ती खोटी कर्णफुले खरी समजून घेतली, त्या साऱ्यांचे नुकसान मिळून कितीतरी होते, पण त्यांच्यापैकी एकेकीचे वकिलाच्या फीएवढेही नव्हते.

आता आपल्याकडे. मुंबईची बाझी डॉट कॉम २०००मध्ये सुरू झाली आणि २००४मध्ये ईबेने ती सुमारे ५ कोटी डॉलरला घेतली. त्याच डिसेंबरात कोणा विक्रेत्याने तिथे एक अश्लील चित्रफीत विकायला ठेवली आणि दिल्ली पोलिसांनी कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांनाच अटक केली. दुसऱ्याने ठेवलेल्या मालासाठी संकेतस्थळाच्या प्रमुखाला तुरुंगात टाकणे चूक होते, यावर पुढे बऱ्यापैकी एकमत झाले. २००८च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९वे कलम बदलले आणि मध्यस्थाला संरक्षण मिळाले: त्याला प्रत्यक्ष माहिती होईपर्यंत तो जबाबदार नाही. २०१५च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश असे स्पष्ट केले. अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी तो निकाल फार मोलाचा आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण तोच अर्थ खोट्या नाण्याच्या विक्रीला लावला, तर १,८५० रुपयांसाठी न्यायालयाचा आदेश आणायचा कोणी?

ईबे इंडियाने मात्र एक गोष्ट चांगली केली होती, आणि तिची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. ‘पैसापे’. ग्राहकाचे पैसे मधल्या खात्यात थांबत आणि माल पोचल्यावर विक्रेत्याकडे जात. माझी सुरुवातीची बरीच नाणी मी त्या काळात घेतली. तेव्हाही खोटी नाणी येत, पण एकदाही पैसे बुडाले नाहीत, कारण ते विक्रेत्याच्या हातात गेलेलेच नसत. २०१७मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेली आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. छंदिष्टांचा बाजार मग फेसबुकच्या गटांवर, व्हॉट्सॲपवर, छोट्या संकेतस्थळांवर विखुरला. रात्री नऊला फोटो टाकायचा, दहापर्यंत बोली, जिंकलेल्याने लगेच यूपीआय करायचा. पैसे तीन सेकंदांत जातात. विश्वासाखेरीज मधे काही उरलेले नाही.

आणि या विखुरलेल्या बाजाराच्या कडेला भारतातली खास फसवणूक फोफावली: जुन्या नाण्यांच्या ‘लिलावाची’. इथे फसतो तो विकणारा. फेसबुकवर जाहिरात येते: ट्रॅक्टरचे चित्र असलेली ५ रुपयांची नोट, ७८६ क्रमांकाची नोट, २०१२चे वैष्णोदेवीचे नाणे असेल तर लाखो रुपये मिळतील. ही नाणी-नोटा दुर्मीळ नाहीत. वैष्णोदेवीचे नाणे तर कोणाच्याही डब्यात सापडेल. फोटो पाठवला की निरोप येतो, तुमच्या नाण्याला एवढ्या लाखांची बोली लागली. मग नोंदणी फी, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र आणि त्याचे शुल्क. प्रत्येक टप्प्यावर आधी भरलेली रक्कम वाचवण्यासाठी माणूस पुढची भरतो. ४ ऑगस्ट २०२१ला रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की अशा व्यवहारांत आम्ही नाही आणि कोणालाही शुल्क किंवा कमिशन गोळा करायला नेमलेले नाही. माझ्या ओळखीच्या दोन निवृत्त माणसांनी यात पैसे घालवले. दोघांनीही घरात सांगितले नाही. लोभी होतो म्हणून फसलो असे लोक म्हणतील, ही लाज त्यांना पैशांपेक्षा जड गेली. त्यातल्या एकाला नातीच्या फीचे भागवायचे होते. त्याला लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तक्रार करायची सोय आता पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. सायबर फसवणुकीसाठी देशभर एकच क्रमांक आहे, १९३०, आणि सोबत केंद्राचे तक्रार पोर्टल. कायद्याचे साल आणि फोनचा क्रमांक एकच निघावा हा निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही. पहिल्या तासा-दोन तासांत फोन गेला, तर पैसे ज्या खात्यांतून फिरत असतात ती गोठवता येतात. ही यंत्रणा खरोखर काम करते आणि तिने अनेकांचे पैसे वाचवले आहेत. पण तिची रचना चोरी लगेच कळेल असे धरून केलेली आहे. लिलावात माल पोचायलाच आठवडा जातो. खोटेपणा कळेपर्यंत पैसे चार भाड्याच्या खात्यांतून फिरून कुठल्याशा एटीएममधून निघालेले असतात.

ओझे किती आहे हेही बघायला हवे. गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४मध्ये सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. त्या पुरात १,८५० रुपये शोधायला कोण उतरणार? २०२५च्या मे महिन्यात तक्रारीचे आपोआप गुन्ह्यात रूपांतर करणारी ‘ई-झीरो एफआयआर’ दिल्लीत सुरू झाली, ती १० लाखांवरच्या फसवणुकीसाठी. हवालदाराने दाखवलेला तो गठ्ठा आता धोरणातही उतरला आहे. आणखी एक गाठ फारशी कोणाला माहीत नसते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७८व्या कलमानुसार त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो. आपल्याकडची कितीतरी ग्रामीण ठाणी सहायक निरीक्षकाच्या हाताखाली चालतात. मग प्रकरण जिल्ह्याच्या सायबर ठाण्याकडे, आणि तिथे पुन्हा तोच गठ्ठा. हे कलम बदलले नाही तर बाकीच्या घोषणा तालुक्याच्या गावापर्यंत पोचणारच नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारचे स्वतःचे पैसे असतात तेव्हा मात्र गांभीर्याची कमतरता नसते. बँका कर्जबुडव्यांची तारण घरे ऑनलाइन लिलावात विकतात. बोलीआधी अनामत, जिंकल्यावर २५ टक्के लगोलग, उरलेले साधारण १५ दिवसांत, नाहीतर भरलेली रक्कम जप्त. आणि ही जप्ती २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरली. बोलीदाराची ओळख तपासलेली असते, पैसे आधी अडकवलेले असतात. ठेकेदारांनी संगनमत करून बोली ठरवल्या तर स्पर्धा आयोग आहे. जे नियम तिजोरीला वाचवतात तेच नाणेवाल्याला, पुस्तकवाल्याला, जुनी सायकल विकणाऱ्याला वाचवू शकतील. तंत्र तेच आहे.

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रार अधिकारी नेमणे, ४८ तासांत पोच देणे आणि महिन्यात निवारण करणे बंधनकारक केले. चांगले आहे. पण बनावट बोलीचा त्यांत उल्लेखही नाही. नऊ दशकांपूर्वीच्या कायद्याला जी लबाडी नावानिशी ठाऊक होती, ती ऑनलाइन बाजारासाठी लिहिलेल्या नियमांतून गळली. कोणत्या खात्याने कोणत्या विक्रेत्याच्या किती लिलावांत बोली लावली आणि त्यातल्या किती जिंकल्या, एवढा तपशील नाव न सांगताही दाखवता येतो. चांदण्यांच्या शेजारी ‘या विक्रेत्याच्या ४० लिलावांत बोली, एकही विजय नाही’ असे दिसले असते, तर मी ६००वरच थांबलो असतो.

पैशांचे म्हणाल, तर ते थांबवून ठेवणे आपल्याला अवघड नाही. शेअरच्या नव्या विक्रीसाठी यूपीआयने अर्ज करणाऱ्या कोणालाही हे माहीत आहे: पैसे खात्यातच राहतात, फक्त अडकतात, आणि शेअर मिळाले तरच जातात. २०१९पासून लाखो मराठी घरांत हे चालू आहे. व्यक्तीने व्यक्तीकडून यूपीआयवर पैसे मागण्याची सोय फसवणुकीला वापरली जाते असे दिसल्यावर ती १ ऑक्टोबर २०२५पासून बंद झाली, म्हणजे मनात आणले तर यंत्रणा हलते. अनोळखी माणसाकडून वस्तू घेताना आठ दिवस पैसे अडकवून ठेवण्याचा पर्याय त्याच पडद्यावर देता येईल. विक्रेते कुरकुरतील, त्यांचे खेळते भांडवल अडकेल. तेही खरे आहे, आणि त्यावर दिवस कमी-जास्त करून बोलता येईल.

माझी ती शिवराई मी फेकलेली नाही. रविवारी आमचे संग्राहक जमतात तेव्हा ती हातोहात फिरते आणि नवीन आलेल्या मुलांना आम्ही कडेवरून नख फिरवायला सांगतो. गेल्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाने मोबाइल पुढे केला. दुसऱ्या नावाचा विक्रेता, दुसरे संकेतस्थळ, पण फोटो तोच, माझ्या शिवराईचा. बोली ३०० रुपयांपासून, आणि दोन जण चढत होते. आम्ही संकेतस्थळाला तिथल्या तिथे कळवले, १९३०लाही फोन केला. तिकडून विचारले, “तुमचे किती गेले?” आमचे काहीच गेले नव्हते. लिलाव संपायला तेव्हा दोन तास बाकी होते.